पाच लाखांचे कार्ड आणि बी.पी.ची गोळी

"डॉक्टर, कार्ड काढलंय, आता काळजी नाही," असे पुष्कळ रुग्ण सांगतात. हे अर्धेच खरे आहे.

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, असे भोर समितीने 1946 सालीच सांगितले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना तिचीच. सपाटीवर 30 हजार आणि डोंगराळ भागात 20 हजार वस्तीमागे एक केंद्र, हा आजचा निकष. पण पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाडीला हा आकडा काय कामाचा? तिथले अंतर पावसाळ्यातल्या वाटेवर मोजावे लागते. शिवाय इमारत बांधता येते, तिथे मुक्कामाला डॉक्टर मिळणे अवघड. आमच्या मंडळींना शहर सुटत नाही, त्याला सरकार एकटे काय करणार?

मग विम्याची वाट निघाली. 2012 मध्ये राज्यात जीवनदायी योजना आली, 2017 मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकणे कित्येकांचे टळले, हे मान्यच केले पाहिजे.

मात्र ही योजना मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णाची. रोजची बी.पी.ची गोळी तिच्यात नाही. रक्तदाब वर्षानुवर्षे 140/90 च्या वर राहिला की मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात, दुखत मात्र काही नाही. म्हणून गोळी सुटते. पुढे डायलिसिसची वेळ आली की योजना पैसे भरते! तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. पण सांगली-मिरजेची मोठी सरकारी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. रुग्णाला दोन्ही 'सरकारीच'. नियम मात्र वेगळे. तेव्हा खिडकीवर आधी विचारावे.

खासगी रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर थांबू नका. आपल्या आजाराचा उपचार तिथे योजनेतून होतो का, हे विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा.

आणि गावच्या उपकेंद्रात बी.पी. तपासून घ्या. गोळ्या तिथे किंवा आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. संपल्या असतील तर पुन्हा कधी येणार ते विचारा, तोवर विकत घ्या, पण खंड पाडू नका. बी.पी. नॉर्मल आले म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेले असते.