पडद्यावर ‘खटॅक’ उघडणारा चाकू प्रत्यक्षात बोटांवरच का मिटतो?

वेरूळ : खलनायक मनगटाला झटका देतो, ‘खटॅक’ असा आवाज येतो, पाते चमकते आणि समोरचा माणूस दोन पावले मागे सरकतो. हिंदी चित्रपटांत हे दृश्य इतक्या वेळा आले आहे की घडीचा चाकू म्हटले की आधी तो आवाजच आठवतो. आता तेच दृश्य वेब सीरिज, गेम आणि रीलमधून मोबाइलवर दिसते आणि तसा चाकू ऑनलाइन मागवताही येतो. वेरूळच्या सहलीला निघताना ‘फळे कापायला’ म्हणून तो सॅकमध्ये जाऊ शकतो. पण हा चाकू प्रत्यक्षात किती काम करतो, दगा कुठे देतो आणि तो खिशात असताना कायदा काय सांगतो?

पडद्यावर चाकूचे काम काय असते?

पडद्यावर घडीच्या चाकूचे काम कापणे नसून उघडणे असते. यश चोप्रा यांच्या ‘वक्त’ (१९६५) मधला प्रसंग अनेकांना पाठ आहे. समोर आलेला चाकू राज कुमार शांतपणे काढून घेतात आणि ही मुलांच्या खेळण्याची वस्तू नव्हे, असे सुनावतात. त्या प्रसंगात चाकू काहीही कापत नाही, तरी दरारा त्याचाच राहतो.

चित्रीकरणात एकाच चाकूची अनेक रूपे वापरली जातात. क्लोजअपसाठी बोथट धातूचा, झटापटीसाठी रबराचा, भोसकण्याच्या दृश्यासाठी पाते मुठीत आत सरकणारा. आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत भरला जातो. त्यामुळे चाकूवर खरा जोर पडला की त्याचे काय होते, हे प्रेक्षकाला कधी दिसतच नाही.

एक ठळक अपवाद म्हणजे ‘१२ अँग्री मेन’ (१९५७). बासू चटर्जी यांनी यावरूनच ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) केला. मूळ चित्रपटात चाकू उघडण्याची पद्धत हाच पुरावा ठरतो. बटनाचा चाकू हातात ज्या पद्धतीने उघडतो, त्यावरून सराईत माणूस वार कोणत्या दिशेने करेल, असा प्रश्न ज्यूरीतला एक जण उपस्थित करतो आणि खटल्याची बाजू बदलू लागते. त्या काळात बटनाच्या चाकूची धास्ती एवढी होती की १९५८ मध्ये अमेरिकेने आणि १९५९ मध्ये ब्रिटनने त्याच्याविरुद्ध कायदे केले.

खरी अडचण कुठे आहे?

अडचण बिजागरीत आहे. ती समजायला घरातली घडीची विळी पुरेशी आहे. विळीचे पाते पाटावर आडवे मिटते. धार आपल्याकडे असते आणि आपण भाजी पुढे ढकलतो. म्हणजे जोर पाते उघडे ठेवण्याच्या दिशेने पडतो. तोच जोर मागून पुढे, आपल्या दिशेने पडला तर पाते मिटेल.

घडीच्या चाकूचेही तसेच आहे. सफरचंद कापताना धारेवर दाब येतो आणि पाते आधारावर घट्ट टेकते. पण टोक खुपसले, पाते अडकले आणि ते सोडवायला हलवले, किंवा पात्याच्या पाठीवर फटका बसला, तर जोर मिटण्याच्या दिशेने जातो. मिटणारी धार थेट मुठीवरच्या चार बोटांकडे येते.

इथे तरफेचा नियम लागू होतो. पाते ९ सेंटिमीटर लांब असेल आणि लॉक बिजागरीपासून १ सेंटिमीटरवर टेकत असेल, तर टोकाशी आडवा पडलेला १ किलोचा भार लॉकवर सुमारे ९ किलोचा होतो. हा सगळा भार एक छोटी पट्टी किंवा खाच सांभाळत असते. पाते जितके लांब, तितका हा भार वाढतो. पडद्यावर लांब पाते जास्त दमदार वाटते, पण घडीच्या चाकूत तेच बिजागरीला जड जाते.

सगळ्या चाकूंना लॉक असते का?

नाही. १८९७ पासून बनणाऱ्या प्रसिद्ध स्विस खिशातल्या चाकूच्या नेहमीच्या छोट्या मॉडेलमध्ये लॉक नसते. पाते फक्त स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते आणि हलक्या कामाला तेवढे पुरते. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूची सुरुवात १८९० ची. त्याला पाते अडवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. लाइनर लॉक प्रकारात मुठीतली पातळ धातूपट्टी पात्याच्या मुळाखाली सरकते. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची दांडी खाचेत बसते.

ही सगळी लॉक पाते चुकून मिटू नये यासाठी असतात. त्यांच्या भरवशावर चाकू पहार किंवा पटाशीसारखा वापरू नये. खिशातली धूळ आणि फळाचा चिकट रस आत साचला तर पट्टी पूर्ण सरकत नाही. रीलमध्ये करतात तसा झटका देऊन चाकू वारंवार उघडला, तर लॉक आणि थांब्याची खाच झिजते आणि पाते डुगडुगू लागते. डुगडुगणारे पाते हा चाकू बाजूला ठेवण्याचा इशारा समजावा.

मग रामपुरीचे काय?

रामपुरीचे नाव उत्तर प्रदेशातील रामपूर या जुन्या नबाबी संस्थानावरून पडले. चित्रपटांनी तो देशभर पोहोचवला. मात्र १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यावर बंदी घातली आणि कारागिरांचा धंदा आटत गेला. २०२३ मध्ये त्याच शहरातील चौकात सुमारे २० फुटी चाकूची प्रतिकृती उभारण्यात आली. खिशातली वस्तू आता तिथे सेल्फी पॉइंट झाली आहे.

कामाचा चाकू कसा असतो?

वेरूळ-खुलताबाद परिसरात आले, मका, कापूस ही पिके घेतली जातात. तिथल्या शेतातली विळा, खुरपे, कोयता ही अवजारे पाहा. पाते मुठीत पक्के ठोकलेले, मध्ये बिजागरी नाही. जिथे जोर लावायचा, तिथे माणसाने अखंड अवजारच निवडले आहे.

वेरूळच्या १६ क्रमांकाच्या कैलास लेण्यातही हेच दिसते. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, हे मंदिर वरून खाली कोरत आणले गेले. खडकावर आजही छिन्नीच्या खुणा आहेत. छिन्नीत हातोड्याचा घाव सरळ रेषेत टोकापर्यंत जातो, मध्ये काही मिटत नाही.

घडीचा चाकू फळे, दोरी, पाकीट, टेप कापायला उत्तम. नारळ फोडणे, डबा उचकटणे, स्क्रू फिरवणे ही त्याची कामे नाहीत.

दगडावर नाव कोरणे हे तर नाहीच. दख्खनच्या बेसाल्टमधली खनिजे जवळपास चाकूच्या पोलादाइतकीच कठीण असतात. टोक बोथट होते किंवा तुटते, पण दगडावरचा जुना गिलावा आणि रंग मात्र कायमचा खरवडला जातो. १९८३ पासून वेरूळ जागतिक वारसा यादीत आहे. संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास प्राचीन स्मारक कायद्याच्या कलम ३० नुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

खिशात ठेवणे कायदेशीर आहे का?

‘नऊ इंचांच्या आत असेल तर चालते’ असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे.

• शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेल्यांना त्यातून सूट आहे.

• महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश लागू असताना चाकू, सुरे, लाठ्या घेऊन फिरण्यास बंदी असते. तिथे इंचांचा हिशेब चालत नाही. सण, निवडणूक, तणावाच्या काळात असे आदेश निघतात. बातम्यांत येणारी ‘शस्त्रबंदी’ ती हीच.

• राज्याबाहेर नियम बदलतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, गरारीदार आणि बटनदार चाकू नावानिशी आहेत. ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठे पाते त्यात येते.

• विमानाच्या केबिनमध्ये चाकू नेता येत नाही. चिकलठाण्याहून उड्डाण असेल तर तो चेक-इन बॅगेत ठेवावा.

ऑनलाइन मिळाले म्हणजे कायदेशीर, हाही गैरसमज आहे. मे २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरात पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू अशी शस्त्रे कुरिअरमार्फत आली असताना जप्त केली होती. मागवणाऱ्यांचे नाव-पत्ते पार्सलवरच असल्याने तपास त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. चाकू दाखवणारी रील तर स्वतःच पुरावा तयार करते.

बोट कापलेच तर?

पाते मिटून होणारी जखम बहुधा बोटांच्या आतल्या बाजूला होते. बोट वाकवणारे स्नायुबंध आणि संवेदना देणाऱ्या नसा तिथे कातडीच्या फार खाली नसतात. जखम छोटी दिसली तरी आतला स्नायुबंध तुटलेला असू शकतो.

• स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे दाबून धरा, मध्ये उघडून पाहू नका. हात छातीच्या वर ठेवा.

• अंगठी लगेच काढा, नंतर सूज येते.

• हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट भरू नका. जखम तपासणे अवघड होते.

• रक्त थांबल्यावर पाहा : बोटाचे पेर आपोआप वाकते का? टोकाला स्पर्श कळतो का? यातले एकही उत्तर ‘नाही’ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुटलेला स्नायुबंध काही दिवसांत जोडला तर बोट पूर्ववत होण्याची शक्यता अधिक असते. वेरूळहून शहरातली मोठी रुग्णालये सुमारे ३० किलोमीटरवर आहेत.

• धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, ते डॉक्टरांना सांगा.

चाकू विकत घेताना तो किती झटकन उघडतो हे पाहण्याऐवजी तो उघडा असताना पाते हलते का, आणि मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येते का, एवढे दोनच प्रश्न विचारा. सहलीत फळे कापायची असतील, तर छोट्या पात्याचा म्यानातला साधा किचनचा चाकू त्याहून बरा. तो डब्यातच ठेवा, खिशात नको.