सेरेंगेटीत भेटलेली बुळकांडी

आम्ही आफ्रिकेला गेलो ते सिंह बघायला. सौ.ने तर निघण्यापूर्वीच साऱ्या वाड्यात जाहीर करून टाकले होते, की सिंह हाताच्या अंतरावरून पाहिल्याखेरीज मी काही परत यायची नाही. तिची ही प्रतिज्ञा टांझानियात पहिल्याच दिवशी पुरी झाली. आरुशा गावाहून मोटारीने चार तासांवर न्गोरोंगोरो आहे. विझलेल्या ज्वालामुखीचे हे कुंड ६०० मीटर खोल असून त्याचा तळच मुळी २६० चौरस किलोमीटरचा! तिथे एक आयाळवाले महाराज उन्हाला कंटाळून आमच्याच मोटारीच्या सावलीत येऊन आडवे झाले. सौ.ने हळूच काचेतून डोकावून पाहिले आणि म्हणाली, "अगंबाई! जेवणानंतर तुम्ही अगदी अस्सेच झोपता."

सिंहाची हौस अशी फिटली. पण मनात घर करून राहिला तो सिंह नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंडाच्या कडेवरून खाली न्डुटूच्या माळावर उतरलो. सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान येथूनच सुरू होते. १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून किंचित लहान. फेब्रुवारी महिना होता. समोर पाहतो तो काय, क्षितिजापर्यंत जमीन काळी! आणि ती काळी जमीन हलत होती. बैलाची शिंगे, घोड्याची शेपटी नि बोकडाची दाढी, असा जणू उरल्यासुरल्या सामानातून बनवलेला हा प्राणी. इंग्रजीत वाइल्डबीस्ट, तिकडच्या स्वाहिलीत न्यूंबू. दोन-तीन आठवड्यांत येथे लाखो वासरे जन्माला येतात. आमच्या डोळ्यांदेखत एक वासरू जमिनीवर पडले, चारदा कोसळले, पाचव्यांदा उभे राहिले आणि काही मिनिटांत आईमागे पळू लागले.

"सृष्टीच्या आरंभापासून हे असेच चालले असेल, नाही?" मी म्हणालो.

आमचा चालक हसला. हा मोठा बोलका गृहस्थ. मोटारीला तो 'गारी' म्हणे, दुकानाला 'दुका' आणि विम्याला चक्क 'बीमा'. हे सारे शब्द आपल्याकडूनच समुद्रापार गेलेले. तो म्हणाला, "माझ्या आजोबांच्या वेळी एवढे न्यूंबू कुठले? सोतोका होता ना!"

सोतोका म्हणजे काय, ते त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितले. ताप येतो, डोळे गळतात, तोंड आतून सोलून निघते, मग हगवण आणि मरण. ऐकता ऐकता मी सीटवर ताठ बसलो. अहो, ही तर आपली बुळकांडी!

आमचे आबा माण तालुक्यात गुरांचे डॉक्टर होते. शाळेत कोणी विचारले, तर मी 'वडील डॉक्टर आहेत' एवढेच सांगे, 'गुरांचे' हा शब्द गिळून टाकी. १९५४ मध्ये देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून आबा सायकलला बर्फाचा थर्मास बांधून वाड्यावस्त्या हिंडत. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात बोकडांच्या अंगातून रोगबीज पुनःपुन्हा नेऊन सौम्य केले होते, त्याची ही लस. ती टोचली की जनावर काही दिवस तापाने बसे, दूध आटे. धडधाकट खिलार बैलाला सुई का म्हणून टोचायची, हे लोकांना पटेना. रोग म्हणजे मरीआईचा कोप, तिला कोंबडे द्यावे! एका वस्तीवर तर आबांवर दगड आले. कपाळाला फडके बांधून ते घरी आले आणि आईला म्हणाले, "चाळीस झाली, बारा राहिली." दुसऱ्या दिवशी त्या बारांसाठी पुन्हा गेले. मी मित्रांना सांगितले, आबा सायकलवरून पडले.

आणि आता हा चालक मला तीच कथा उलट्या टोकाकडून सांगत होता. हा रोग आफ्रिकेच्या शिंगाजवळ १८८७ च्या सुमारास उतरला, इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर. ती गुरे हिंदुस्थानातली असावीत असे मानले जाते. (म्हणजे विम्याबरोबर आपण हेही धाडले!) दहा वर्षांत तो दक्षिणेच्या टोकापर्यंत गेला. पूर्व आफ्रिकेतली बहुतेक सारी गुरे मेली, दुधावर जगणारे मसाई उपासमारीने मेले. रानातले न्यूंबू, रानरेडेही पटापट गेले. पुढे गुरांना लसी टोचल्या जाऊ लागल्या. १९६० च्या सुमारास केनयातल्या मुगुगा येथे प्लाउराइट यांनी तापही न आणणारी नवी लस काढली. आणि गंमत अशी, की रानातल्या एकाही जनावराला सुई न लावता रानातला रोग नाहीसा झाला! तो तिकडे मुळी गुरांकडूनच येत होता. १९६१ मध्ये सुमारे २.५ लाख असलेले न्यूंबू १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले. २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ उपटलेला हा दुसराच रोग. आबा त्याआधीच वारले होते.

मात्र ज्यांच्या गाईंना सुया टोचल्या, त्या मसाईंच्या पदरात काय पडले? परतीच्या वाटेवर त्यांच्या एका वस्तीवर थांबलो, तिथल्या म्हाताऱ्याने ते ऐकवले. न्यूंबूंच्या वासरांकडून गुरांना दुसराच एक जीवघेणा ताप लागतो. म्हणून विणीच्या दिवसांत मसाई आपली गुरे माळावरून हाकून डोंगरावर नेतात. न्यूंबू वाढले, तसे ऐन हिरवे गवत त्यांचे झाले. १९५९ मध्ये मसाईंना सेरेंगेटी सोडावी लागली आणि बदल्यात न्गोरोंगोरो मिळाले. २०२२ पासून सरकार त्यांना तिथूनही दूर म्सोमेराकडे हलवू लागले आहे. आम्ही पाहुणे मात्र खुशाल मोटारी घेऊन हिंडत होतो. सौ.ने डब्यातले बेसनाचे लाडू काढून पोरांना वाटले. याहून अधिक आम्हाला काय करता येणार होते?

चालकाने म्हाताऱ्याला काहीतरी सांगितले. म्हाताऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळले, दंडाला धरले आणि काटेरी कुंपणात नेले. तिथे एक कालवड मान टाकून बसली होती.

"डॉक्टरांचे चिरंजीव म्हणून दाखवतोय," चालक म्हणाला.

"अहो, मी बँकेत होतो!" मी कळवळून म्हणालो. पण ते स्वाहिलीत कोण सांगणार? मग मी खाली बसलो. आबा करीत तशी पापणी उलटून पाहिली, कानाचे मूळ मुठीत धरले. ते गरम लागत होते. "हिला ताप आहे," मी सांगितले, "आणि मी गुरांच्या डॉक्टरांचा मुलगा असलो, तरी मला यातले काही कळत नाही. खरा डॉक्टर बोलवा." चालकाने ते दोन्ही भाषांतून फिरवून सांगितले. म्हातारा मान हलवून एका पोराकडे वळला आणि पोरगा काठी उचलून रस्त्याच्या दिशेने धावत सुटला.