कॅमेऱ्याच्या खिडकीतली अक्षरे

जळगाव-धुळ्याकडच्या लग्नात फोटोवाला हवाच. तो कॅमेरा डोळ्याला लावतो. आत त्याला काय दिसते, ठाऊक आहे काय?

फार पूर्वी चित्र उलटे दिसे. खाली डोके, वर पाय! मेजर रॉबर्ट गिल यांनी शेजारच्या अजिंठ्याच्या लेण्यांचे फोटो १८६० च्या सुमारास काढले. तेव्हा फोटोवाला डोक्यावर काळे फडके घेई आणि दुधी काचेवर ते उलटे चित्र बघे. गिल १८७९ साली वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळला आहे.

पुढे कॅमेऱ्यात आरसा आला, चित्र सरळ झाले. आता नव्या कॅमेऱ्यात आरसाही नाही. म्हणून त्याला मिररलेस म्हणतात. त्याच्या खिडकीत नखाएवढा टीव्ही असतो. फोटो उजळ येणार की काळपट, हे आधीच कळतं.

पण टीव्ही आला की अक्षरे आलीच. बॅटरी, उरलेले फोटो, उजेडाचे आकडे, आडव्या-उभ्या रेघा! सगळे एकदम लावले तर बाजारातल्या पाट्यांसारखी गर्दी होते. मंगलाष्टके संपतात, अक्षता पडतात, नवरी मान वर करते. ते तोंड पुन्हा तसे दिसायचे नाही. आणि नेमका त्याच्यावर आकड्यांचा ठोकळा!

म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूत, म्हणजे यादीत, जावे. तिथे 'डिस्प्ले' असे काहीसे लिहिलेले असते. कंपनीप्रमाणे नाव बदलते. नको त्यापुढची खूण काढावी. मला विचाराल तर बॅटरी, उरलेले फोटो, उजेडाचा काटा आणि सपाटीची रेघ, एवढे पुरे. ही रेघ म्हणजे गवंड्याची पाणसळच. मांडव कलता येत नाही.

रात्री हळदीला फ्लॅश लावला तर कधी कधी खिडकी काळी पडते. कॅमेरा बिघडला असे पोरांना वाटते. तसं नसतं. फ्लॅश अजून उडालेला नसतो, आणि कॅमेरा त्याच्याविना फोटो कसा येईल ते दाखवतो. अशा वेळी 'फोटो येईल तसे दाखव' ही सोय यादीतून बंद करावी.

अक्षरेच पुसट दिसली तर? खिडकीजवळ एक बारीक चाक असते. अक्षरे ठळक होईतो ते फिरवा. त्याने फोटो बदलत नाही, फक्त आपली नजर जुळते. चाळिशी लागलेल्यांना हे चाक फार उपयोगी. मात्र दुसऱ्याने कॅमेरा हाताळला की ते फिरलेले असू शकते. मांडवात शिरण्याआधी एकदा बघून घ्या.