पोटातली चिकटाचिकटी

सिझेरियन होऊन वर्षं उलटतात, टाका केव्हाच पांढरा पडतो आणि एक दिवस पोटात अचानक कळा सुरू होतात. आगरदांड्यासारख्या गावात पहिला संशय जातो आदल्या रात्रीच्या जेवणावर. खरं कारण त्या जुन्या टाक्याच्या आत असू शकतं.

पोटाच्या पोकळीला आणि आतड्यांना पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. शस्त्रक्रियेत ते खरचटतं, कोरडं पडतं. जखमेवर फायब्रिन नावाचं चिकट प्रथिन साचतं. एरवी शरीरच ते काही दिवसांत विरघळवतं, पण रक्तपुरवठा कमी पडला की हे काम अडतं. मग तंतू तयार करणाऱ्या पेशी तिथे शिरतात आणि आठवडाभरात दोन अवयवांना जोडणारा पट्टा धरू लागतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर बहुतेकांत असे पट्टे होतात. त्रास मात्र थोड्यांनाच होतो.

प्रतिबंध मुख्यतः सर्जनच्या हातात असतो : ऊती हळुवार हाताळणं, ओल्या ठेवणं, शक्य तिथे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. हातमोज्यांवरची पावडरही चिकटाचिकटी वाढवते; अमेरिकेने 2017 पासून असे मोजे बंदच केले. अवयवांमध्ये ठेवायचे विरघळणारे पडदेही मिळतात, पण ते सरसकट वापरण्याजोगे नाहीत. मालिशने पट्टे सुटतात, हा दावा मला पटत नाही.

अशा पट्ट्यात आतडं अडकून पोट फुगलं, उलट्या थांबेनात, वारा सरेना, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. अलिबागचं जिल्हा रुग्णालय इथून लांब आहे; लगेच निघा आणि जुन्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत घ्या.