इथं सही करा

बँकेच्या काउंटरमागे तीस वर्षं बसलं, की आकड्यांबरोबर संसारही वाचता येऊ लागतात. समोर नवरा-बायको बसलेले. ठेव तिच्या नावावर, पैसे तिच्या प्रॉव्हिडंट फंडाचे. पण व्याजाचा दर अधिकारी सांगतो तो नवऱ्याकडे बघून. शेवटी पेन्सिलीनं फुली मारलेला फॉर्म तिच्यापुढे सरकतो. "इथं सही करा." अधिकारी सज्जन, नवरा प्रेमळ. हेतू कुणाचाच वाईट नाही. म्हणूनच यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही, तिलाही नाही.

खुर्ची बदलली तरी नजर बदलत नाही. शाखाधिकारी बाई असल्या, तर केबिनच्या दारातून हमखास प्रश्न येई, "साहेब कुठे आहेत?" बढतीबरोबर बदली आली, की त्यांना विचारलं जाई, "मुलांचं काय करणार?" हा प्रश्न पुरुष अधिकाऱ्याला विचारलेला माझ्या तरी ऐकण्यात नाही.

अशा सवयी कागदावर उतरल्या, की त्यांचा नियम होतो. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे, पालक म्हणून स्वतः सही करून अर्ज केला. मुलाच्या वडिलांची त्याला संमती होती. तरीही अर्ज परत आला : वडिलांची सही आणा, नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा. १९५६च्या कायद्यात लिहिलं होतं, पालक म्हणजे वडील आणि त्यांच्या'नंतर' आई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'नंतर' म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, हे न्यायालयानं १९९९ साली स्पष्ट केलं. वडील लक्ष घालत नसतील किंवा दोघांच्या संमतीनं जबाबदारी आईकडे असेल, तर वडील हयात असतानाही आई पालक ठरते. आज महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. कागद हळूहळू सुधारतो आहे. घराचं काय?

"तुला कशाला त्याची कटकट? मी बघतो ना!" हे वाक्य मायेनं उच्चारलेलं असतं. त्याची किंमत मोजलेली मी पाहिली आहे. नवऱ्याचे दिवस होऊन गेल्यावर दोन-दोन पदव्या घेतलेल्या बाया कापडी पिशवीत पासबुकं, विम्याचे कागद, मुदत उलटलेल्या पावत्या कोंबून यायच्या. "यातलं काय कशाचं, मला ठाऊक नाही हो," म्हणताना त्यांचा आवाज दुःखापेक्षा संकोचानं बारीक झालेला असे. आणि याच मायेची दुसरी बाजू म्हणजे पत्नीमागे पोळीच्या डब्यावर दिवस काढणारे पुरुष. स्वतःपुरता वरण-भात लावणं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मुलगा ना तो!

पूर्वग्रह ओळखायची एक सोपी खूण सांगतो. आपला प्रश्न उलटा करून पाहावा. हेच मी पुरुषाला विचारलं असतं का? हेच काम मुलाला सांगितलं असतं का? उत्तर देताना जीभ अडखळली, की समजावं.

आज रविवार आहे, सगळे घरी असतील. जेवणानंतर कपाटातली ती फाइल बाहेर काढा आणि दोघांनी मिळून एकेक कागद वाचा. तोवर ताटं मुलाला घासू द्या.