थंडीत गाडी तापते, चालक गारठतो

डिसेंबरच्या मध्यावर उत्तरेकडून गार वारे वाहू लागले, की नाशिक, पुणे, नगर या शहरांतील सोसायट्यांच्या वाहनतळांवर भल्या सकाळी एक ओळखीचा आवाज ऐकू येऊ लागतो. कुणी एकामागून एक किक मारत असतो, कुणाचा सेल्फ घरघरून थांबतो, तर कुणाची सुरू झालेली गाडी फाटकापर्यंत जाऊन पुन्हा बंद पडते. पुण्याने जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंश सेल्सिअसचा नीचांक अनुभवला होता. निफाड परिसरात तर आजही एखाद्या हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या खाली घसरतो. महाराष्ट्रातील थंडी हिमालयातील थंडीइतकी तीव्र नसते हे खरे; तथापि दुचाकीची आणि तिच्यावर बसणाऱ्याची परीक्षा पाहण्यास ती पुरेशी असते.

या परीक्षेचे दोन भाग आहेत. गाडी सुरू करणे हा पहिला भाग बहुतेकांच्या लक्षात राहतो, कारण तो त्रासदायक असतो. गाडी चालविणे हा दुसरा भाग मात्र दुर्लक्षित राहतो आणि खरा धोका तेथेच असतो. सुरू झाल्यानंतर इंजिन मिनिटागणिक तापत जाते, तर चालकाचे शरीर मिनिटागणिक गारठत जाते.

गाडी सुरू का होत नाही?

इंजिनात द्रव पेट्रोल जळत नाही. जळते ती पेट्रोलची वाफ. हवा आणि धातू गार असतील तर पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही आणि ठिणगी पडूनही ते पेट घेत नाही. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना गार सकाळी थोडे अधिक कष्ट पडू शकतात.

दुसरे कारण ऑइलचे. रात्रभर गारठलेले ऑइल घट्ट होते आणि पिस्टन व गिअर यांच्या हालचालीला विरोध करते. ऑइलच्या डब्यावरील ‘१०डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ या आकड्यांतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत अधिक प्रवाही राहते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल भरणे हिताचे.

तिसरे कारण बॅटरीचे. बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. म्हणजे ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जेव्हा अधिक जोर लावावा लागतो, नेमकी तेव्हाच बॅटरीची शक्ती घटलेली असते. उन्हाळ्यात कशीबशी चालून गेलेली जुनी बॅटरी जानेवारीत दगा देते, ती यामुळेच.

सुरू करण्याची रीत

चोक असलेल्या गाडीत तो पूर्ण ओढल्यास इंजिनाला हवेच्या प्रमाणात पेट्रोल अधिक मिळते. चावी बंद ठेवून चार-पाच वेळा सावकाश किक मारल्यास ऑइल आतील भागांत फिरते. त्यानंतर चावी लावून मारलेली किक सहसा वाया जात नाही. इंजिन स्थिर चालू लागताच चोक टप्प्याटप्प्याने बंद करावा. तो तसाच ओढलेला राहिला, तर स्पार्क प्लग काजळीने काळा पडतो, पेट्रोल वाया जाते आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन काढते.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. इंजिन किती गार आहे हे तेथे सेन्सर ओळखतो आणि पेट्रोलचे प्रमाण आपोआप वाढविले जाते. अशा गाडीत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद थांबावे, पेट्रोल पंपाचा बारीक आवाज थांबू द्यावा आणि अॅक्सिलरेटर न पिळता सेल्फ दाबावा. जुन्या सवयीने अॅक्सिलरेटर पिळत राहिल्याने येथे काही साधत नाही.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा अधिक दाबू नये. दोन प्रयत्नांमध्ये दहा-पंधरा सेकंदांची उसंत दिली, तर बॅटरी थोडी सावरते. मोटारसायकलचा क्लच दाबून धरल्यास गिअरबॉक्समधील घट्ट ऑइल घुसळण्याचा भार कमी होतो. अनेक नव्या गाड्यांना किक उरलेली नाही. शिवाय बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर इंजेक्शनची गाडी धक्का मारूनही बहुधा सुरू होत नाही, कारण पंपालाही वीज लागते. गिअरविरहित स्कूटरच्या बाबतीत तर धक्क्याचा उपयोगच नाही. म्हणून हिवाळ्यापूर्वी बॅटरी तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

इंजिन सुरू झाल्यावर ते दहा मिनिटे जागेवर तापवत ठेवण्याची गरज नसते. अर्धा ते एक मिनिट पुरेसे होते. पुढचे दोन-तीन किलोमीटर हळू चालविली की गाडी योग्य रीतीने तापते. बंदिस्त गॅरेजमध्ये किंवा तळघरातील वाहनतळावर इंजिन चालू ठेवणे तर सर्वथा टाळावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

टायरही गारठतात

हवेचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरले, की टायरमधील दाब सुमारे एक पौंडाने घटतो. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे तीनएक पौंडांनी कमी भरते, ती अशी. गार रबर कडक होते आणि त्याची रस्त्यावरील पकड सैल होते. त्यातच पुलांवर, झाडांच्या सावलीत आणि घाटातील वळणांवर दंवामुळे रस्ता ओला असतो. पहिल्या काही किलोमीटरमध्ये गाडी तीव्र कलती करणे किंवा एकदम ब्रेक दाबणे म्हणूनच धोक्याचे असते.

वाऱ्याचा हिशेब

गाडीपेक्षा चालकाची अवस्था बिकट असते. अंगाला लागणाऱ्या वाऱ्यामुळे थंडी किती वाढते, याचे एक सूत्र अमेरिका व कॅनडात २००१ पासून वापरले जाते. त्यानुसार तापमान १० अंश असताना ताशी ६० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला ५ अंशांइतका गार लागतो. तापमान ५ अंश असेल, तर उणे २ अंशांइतका. दुचाकीस्वार हा वारा स्वतःच निर्माण करीत असतो.

त्याचा पहिला परिणाम बोटांवर होतो. शरीर आपल्या मध्यभागातील उष्णता राखण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबण्यास उशीर होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर पुढे जाते. अर्ध्या सेकंदाचा विलंब म्हणजे आठ मीटरहून अधिक अंतर. रस्ता ओलांडणारा माणूस आणि गाडी यांच्यात कधीकधी तेवढेच अंतर असते.

विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो. त्यावर वारा अडविणारे विंडचीटर आणि हातात जाड, पण ब्रेकची जाणीव होऊ देणारे हातमोजे हवेत. छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची जुनी युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे, कारण कागद वारा अडवतो. मफलर, ओढणी किंवा पदराचे टोक मात्र सैल सोडू नये. ते चाकात अडकल्यास जिवाशी गाठ पडते. हात थरथरू लागले किंवा बोटे जाणवेनाशी झाली, तर थांबून हात चोळावेत, गरम चहा घ्यावा. हा वेळेचा अपव्यय नव्हे.

धुक्यातील वाट

धुक्यात हेडलाइटचा वरचा झोत लावल्यास प्रकाश धुक्यावरून परतून डोळ्यांवर येतो. खालचा झोतच उपयोगी पडतो. हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ साचते, त्यासाठी ती किंचित उघडी ठेवावी किंवा आतून साबणाचा पातळ थर देऊन पुसून घ्यावी. पश्चिम महाराष्ट्रात हाच काळ उसाच्या गळिताचा असतो. मागे दिवा वा चमकपट्टी नसलेली उसाची ट्रॉली धुक्यात अगदी जवळ गेल्यावरच दिसते. समोर जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबवता येईल इतकाच वेग अशा वेळी सुरक्षित.

सकाळी घरातून दहा मिनिटे लवकर निघणे हा या साऱ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्या दहा मिनिटांत इंजिनाला त्याची ऊब मिळते आणि चालकाला हळू जाण्याची मुभा.