प्राणवायूचे इमानी हमाल

अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. पाय झपाझप पडू लागले की श्वास वाढतो, छाती धडधडते. कारण पायांच्या स्नायूंना जादा प्राणवायू हवा असतो. फुप्फुसांतला प्राणवायू तेथवर रक्त पोचवते. पण कसे? साखर पाण्यात विरघळते, तसा तो रक्तात नुसता विरघळतो काय?

थोडे गणित करू या. एक लिटर रक्तद्रवात जेमतेम ३ घन सेंटिमीटर प्राणवायू विरघळतो. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० घन सेंटिमीटर प्राणवायू लागतो. म्हणजे हृदयाला दर मिनिटास ८० लिटरांहून अधिक रक्त ढकलावे लागेल! प्रत्यक्षात ते ढकलते सुमारे ५ लिटर.

ही तूट तांबड्या पेशी भरून काढतात. घन मिलिमीटरभर रक्तात त्या सुमारे ५० लाख असतात. त्यांच्यात केंद्रक नसते. बहुतेक जागा हिमोग्लोबिनने व्यापलेली. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू प्राणवायूचा एक रेणू धरून ठेवतो. त्यामुळे लिटरभर रक्त ३ ऐवजी सुमारे २०० घन सेंटिमीटर प्राणवायू वाहून नेते.

ओझे उचलणारा हमाल ते योग्य जागी उतरवणाराही हवा. फुप्फुसांत प्राणवायूचा दाब जास्त, म्हणून तेथे हिमोग्लोबिन तो पकडते. स्नायूंत दाब कमी, म्हणून तेथे सोडते. राबणारे स्नायू तापतात, कार्बन डाय-ऑक्साइड जास्त तयार करतात. तेथे पकड आणखी सैल होते. कार्बन डाय-ऑक्साइडचा हा परिणाम १९०४ साली ख्रिश्चन बोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. अणुरचनेच्या धड्यात भेटणाऱ्या नील्स बोर यांचे हे वडील!

आता समजा, १०० घन सेंटिमीटर रक्तात १५ ऐवजी साडेसातच ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. श्वास कितीही खोल घेतला, तरी रक्त निम्माच प्राणवायू नेणार. हाच रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण.

म्हणून वर्गातली एखादी मुलगी जिना चढताना धापा टाकत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. रक्त तपासून घ्यायला सांगा. शाळेत मिळणारी लोहाची गोळी टाकून देऊ नका. पालेभाजी, कडधान्ये खा, वर लिंबू पिळा. लिंबामुळे त्यांतले लोह अंगी लागते. तांबड्या पेशी जेमतेम १२० दिवस जगतात. नव्या हमालांची भरती रोज चालूच असते. तिला लोह पुरवणे आपल्या हाती आहे.